पुण्याच्या पेठांतील वाडे आणि मुलांचे जग
पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत विसाव्या शतकात एका मालकाच्या वाड्यात अनेक भाडेकरू राहत. बिऱ्हाड दोन खोल्यांचे, पण दिंडी दरवाजाच्या आतला फरसबंद चौक सगळ्या मुलांचा. गोट्या, भोवरे, लगोरी तिथेच. विटीदांडूसाठी मात्र बोळ गाठावा लागे, नाहीतर मालकांची बोलणी ठरलेली. पेठांतील जुन्या हौदांना पाणी येई ते कात्रजच्या तलावातून, नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या भुयारी नळाने.

मुलांचे वर्ष मोजले जाई सणांवर. गणपतीत आरास, हस्त नक्षत्रात भोंडला आणि खिरापत ओळखण्याची चुरस, दिवाळीत किल्ला. किल्ल्याचा सांगाडा दगडविटांचा, त्यावर चिखलात भिजवलेले पोते. वर अळीव किंवा मोहरी पेरली की काही दिवसांत डोंगर हिरवा होई. शिवाजी महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, पायथ्याला बाजार आणि कधीकधी चक्क रेल्वेगाडीही. कालविसंगतीची फिकीर कुणालाच नसे, आणि नसावीच.

वाड्यांचे हे जग मात्र टिकले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या पुरात नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे अनेक वाडे कोसळले. उरलेल्यांपैकी बरेच पुढे भाडेकरूंना सदनिका देऊन पाडले गेले.