प्रवाळातला विषारी स्टोनफिश

जगातील सर्वाधिक जहाल विष बाळगणाऱ्या माशांमध्ये स्टोनफिशची गणना होते. त्याची प्रवाळ खडकांवरची जात, सायनान्सिया व्हेरुकोसा, तांबड्या समुद्रापासून फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत आढळते. भारतात ती लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात आहे. मासा साधारण फूटभर लांब. अंग चामखिळींनी भरलेले आणि खवल्यांविना. त्यावर शेवाळही वाढते. अशा वेषात तो उथळ पाण्यात तासन्‌तास निश्चल पडून राहतो आणि तोंडासमोर आलेला लहान मासा निमिषार्धात गिळतो.

शिकारीसाठी तो विष वापरत नाही. विष आहे ते फक्त बचावासाठी, आणि माणसाच्या अंगावर तो कधी धावून येत नाही. त्याच्या पाठीवर १३ मजबूत काटे असतात. प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक विषग्रंथी आणि टोकाकडे जाणारी खाच असते. वरून जाड कातडीचे आवरण. पाय पडला की आवरण खाली सरकते, ग्रंथी दाबल्या जातात आणि विष खाचेतून थेट जखमेत उतरते. दाब जितका जास्त, तितके विष जास्त. म्हणजे सुई माशाची असली तरी ती टोचण्याचे बळ माणसाच्याच वजनाचे असते. चाहूल लागूनही हा मासा सहसा जागचा हलत नाही, हीच खरी अडचण.

विषाचा मुख्य घटक प्रथिनांचा. खाडीमुखाजवळ राहणाऱ्या सायनान्सिया हॉरिडा या भावंड जातीतील स्टोनस्टॉक्सिन पेशींच्या आवरणाला भोके पाडते. वेदना तत्काळ सुरू होते आणि वाढत जाते; पाय सुजतो, जखमेभोवतीची कातडी काळीनिळी पडते. विष जास्त गेले असेल तर रक्तदाब घसरतो, श्वास अडखळतो, स्नायू लुळे पडतात. मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना मोझांबिकच्या किनाऱ्यावर याचा काटा हाताला लागला होता. १९५१ मध्ये त्यांनी तो अनुभव शास्त्रीय नियतकालिकात नोंदवला.

प्रथमोपचार सोपा आहे आणि तो प्रत्येक किनाऱ्यावर माहीत असायला हवा. रुग्णाला आधी पाण्याबाहेर काढावे, कारण वेदनेने भोवळ येऊन बुडण्याचा धोका मोठा असतो. मग जखमी पाय सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. त्याने वेदना बरीच उतरते. पाणी आधी दुसऱ्या, धडधाकट पायाने पाहावे. बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि भाजण्याची नवी जखम होते. सर्पदंशासारखी घट्ट पट्टी बांधू नये. विष एकाच जागी कोंडून वेदना वाढते. लगेच रुग्णालय गाठावे: काट्याचा तुकडा आत राहिला असल्यास काढावा लागतो, धनुर्वाताचे इंजेक्शनही पाहावे लागते.

ऑस्ट्रेलियात १९५९ पासून घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष वापरात आहे. किती काटे रुतले, त्यावर त्याची मात्रा ठरते.

प्रवाळात चालताना जाड तळव्याचे बूट घालावेत, मात्र पातळ रबर हा काटा सहज भेदतो. पाण्याबाहेरही हा मासा कित्येक तास जिवंत राहू शकतो. त्यामुळे ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत हात घालणे, किंवा जाळ्यात आलेला ओबडधोबड गोळा मेला समजून उचलणे, तितकेच धोक्याचे.