बार उघडे, देवळं बंद

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र धाडलं. बार आणि रेस्टॉरंट उघडता, मग देव कुलपात का, असा त्याचा रोख होता. तुम्ही अचानक सेक्युलर झालात काय, असा टोमणाही होता. माझ्या हिंदुत्वाला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही, असं उत्तर गेलं. वृत्तवाहिन्यांची सोय झाली. साथीत ‘आवश्यक’ काय हे कोणत्या निकषावर ठरवायचं, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच पडला.

तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आधीच पोचला होता. जूनमध्ये पुरीची रथयात्रा न्यायालयाने आधी थांबवली आणि चारच दिवसांत, भाविकांविना व संचारबंदीत, काढू दिली. ऑगस्टमध्ये पर्युषणासाठी दादर, भायखळा आणि चेंबूरची जैन मंदिरं उघडायला परवानगी देताना सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी विचारलं, की आर्थिक व्यवहारांसाठी सरकार धोका पत्करतं, मग धर्माची वेळ आली की करोना कसा आठवतो? प्रश्न रास्त होता. मद्यावर महसूल मिळतो, दानपेटीवर मिळत नाही, एवढं सरकारने मोकळेपणाने सांगितलं असतं तर वाद निदान प्रामाणिक झाला असता.

वारीचं गणित वेगळं. पुरीचा रथ एकाच शहरात, सुमारे तीन किलोमीटर जातो. पालख्या जवळपास तीन आठवडे गावोगाव मुक्काम करत चालतात. विषाणूला याहून सोयीचा प्रवास कोणता? त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका दशमीला मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. शतकांची पायवाट एका दिवसात उरकली.

पण ऑगस्टअखेर धीर सुटला. २९ तारखेला भाजपने ‘दार उघड उद्धवा, दार उघड’ म्हणत घंटानाद केला, ३१ला प्रकाश आंबेडकर पंढरपुरात उतरले. बौद्ध नेता विठ्ठलमंदिर उघडा म्हणतो, याचं अनेकांना नवल वाटलं. पंढरपुरात ते कमी वाटलं असावं. तिथे बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे विकणाऱ्यांची चूल देवळाच्या दारावरच पेटते, आणि ते दार मार्चपासून बंद होतं.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला, परत उघडली. पंढरपुरात तरीही फक्त मुखदर्शन होतं. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला २०२२चा गुढीपाडवा उजाडावा लागला.