वानराला कच्चंच का लागतं

आमच्या गावात वानरांबद्दलची तक्रार एका वाक्यात आटोपते : खातात थोडं, नासतात जास्त. फणसाला कुयऱ्या धरल्या की टोळी हजर. एक कुयरी तोडायची, दोन चावे घ्यायचे, खाली टाकायची, दुसरी तोडायची. कलमांवरच्या कैऱ्यांचीही तीच गत, कोय धरायच्या आत निम्म्या जमिनीवर. "मेल्यांनो, पिकल्यावर तरी खा," असं माझ्या सासूबाई काठी आपटत अंगणातून ओरडायच्या.

मी लग्न होऊन देवरुखजवळच्या या गावात आले आणि पुढे नोकरीभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. सासूबाईंच्या ओरडण्यातला प्रश्न मला त्या विषयाच्या कुठल्याही परीक्षेत घालण्याजोगा वाटत आला आहे. रसाळ, गोड फळ चार आठवड्यांवर आलेलं असताना हे प्राणी तुरट, चिकाने भरलेलं फळ का खातात? खोडी काढायची म्हणून एखादा प्राणी रोज पोट भरत नाही.

माणसाचं किंवा माकडाचं जठर म्हणजे एक साधी पिशवी. काळतोंड्या वानराचं तसं नाही. त्याच्या जठराला कप्पे असतात आणि पुढचा प्रशस्त भाग जिवाणूंना आंदण दिलेला असतो. पानात मुबलक काय असतं, तर सेल्युलोज. ते फोडणारं विकर गाईकडे नाही, वानराकडे नाही, आपल्याकडे नाही. ते जिवाणूंकडे असतं. तेव्हा गोबरगॅसच्या टाकीत शेण पडावं तसा चावलेला पाला आत पडतो आणि आंबतो. त्यातून तयार झालेली मेदाम्लं वानराच्या रक्तात जातात, तीच त्याची शिदोरी. वायू ढेकरांवाटे निघून जातो. एवढ्या ढेरपोट्या दिसणाऱ्या प्राण्याच्या ढेरीत चरबी फारशी नसते, पाला असतो.

आता या टाकीची अडचण अशी की आतला आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की जिवाणूच मरतात. पिकलेल्या फळाची साखर त्यांना आयती मिळाली की ते ती भराभर आंबवतात, आम्ल वाढतं, पोट फुगतं. धान्याच्या राशीवर तुटून पडलेली गाय ज्यांनी पाहिली आहे त्या गुरांच्या डॉक्टरांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. कच्च्या फळात साखर कमी. शिवाय आतली बी कोवळी, दातांना फुटणारी, आणि प्रथिनं नि स्निग्धांश तिच्यातच साठत असतात. बऱ्याचदा वानराला हवी असते ती बी. गर आपण धरतो जमेला. पिकलेलं तो शिवतच नाही असं मात्र नाही. उंबरं, करवंदं, जांभळं मिळाली तर खातो, पण सोबत पाला लागतोच.

वानर आणि गाय यांच्या पोटांचं हे साम्य वरवरचं नाही, रेणूंपर्यंत पोचलेलं आहे. आपल्या अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचं विकर असतं. जिवाणूंची भिंत फोडणं हे त्याचं काम. गाईने आणि वानराने हेच विकर जठराच्या आम्लात टिकेल असं घडवून घेतलं आहे, कारण आंबवणीचं काम उरकून पुढे वाहत आलेले जिवाणू पचवले तर त्यांच्यातली प्रथिनंही पदरात पडतात. म्हणजे पोसायचं आणि मग खायचं. १९८७ मध्ये बर्कलीच्या अ‍ॅलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की वानराच्या आणि गाईच्या या विकरात काही बदल अगदी त्याच जागी, तेच झालेले आहेत. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी दोघांनीही स्वतंत्रपणे तोच तोडगा काढला. त्यांनी अभ्यासलेलं वानर हे आपलं हनुमान लंगूरच होतं. गोमाता आणि मारुतीराया यांचं हे नातं कीर्तनात अजून कोणी सांगितलेलं माझ्या कानावर नाही. सांगायला हरकत नाही.

नासाडीचं उत्तर अजून बाकी आहे. झाडं काही पानं खाऊ घालायला धरत नाहीत. पळून जाता येत नाही म्हणून ती पानांत टॅनिन भरतात, अल्कलॉइडं भरतात. पोटातले जिवाणू त्यातली काही विषं मोडून टाकतात, सगळी नाही. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिकनिन असतं, आणि तरी त्याच्या नारिंगी फळांवर मी वानरं बसलेली पाहिली आहेत. मात्र अशा झाडावर ती ठाण मांडत नाहीत. थोडं इथलं, थोडं तिथलं, असं खाल्लं की कुठल्याही एका विषाचा डोस मोठा होत नाही. दोन चावे घेऊन टाकलेल्या कुयरीमागे कोणाचा उर्मटपणा नाही, प्रमाण आहे. बागायतदाराचं नुकसान त्याने कमी होत नाही, हेही खरंच.

आमच्या परड्याच्या टोकाला सावर आहे, त्याच्या शेजारी देवळाचा पिंपळ. माघ-फाल्गुनात तिथे दुर्बिणीचीही गरज लागत नाही. एक मादी सावरीच्या निष्पर्ण फांदीवर बसते आणि फूल तोंडाशी नेते. लाल पाकळ्या ती खात नाही. फूल फिरवून बुडाशी असलेली मांसल वाटी कुरतडते आणि बाकीचं सोडून देते. खाली पाकळ्यांचा सडा. मग पिंपळावर उडी. पिंपळाला तेव्हा दोन प्रकारची पानं असतात, जुनी जून हिरवी आणि नवी तांबूस, लुसलुशीत. तांबूस पानं ती मुठीने ओरबाडते आणि अख्खी तोंडात कोंबते. जुनं पान हातात आलं तर देठ चावून खाते आणि पातं टाकून देते. वानराचा अंगठा आखूड असतो, त्यामुळे ती फांदी चार बोटांच्या आकड्याने ओढून घेते आणि बरेचदा पान हाताने न तोडता थेट तोंडानेच खुडते. कोवळ्या पानात प्रथिनं जास्त आणि चोथा कमी, ही गोष्ट वर्गात शिकवायला मला फळ्यावर तक्ता काढावा लागायचा. झाडाखाली पडलेला कचरा वेचून दाखवला की तेच पोरांना दोन मिनिटांत कळायचं.

या कचऱ्याला रानात गिऱ्हाईकही असतं. कान्हाच्या जंगलात वानरांच्या टोळीखाली चितळांचा कळप चरतो, हे पॉल न्यूटन या संशोधकाने १९८० च्या दशकात बारकाईने नोंदवलं. वरून पडलेली पानं, फुलं, फळं चितळांना आयती मिळतात, उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना तर विशेष. बिबट्या-वाघाची चाहूल लागल्यावर दोघांचेही ओरडे दोघांच्याही कामी येतात. आमच्याकडे चितळं नाहीत. शेजारच्या वहिनींच्या शेळ्या ते काम करतात.

पोट भरलं की वानरं दुपारभर फांद्यांवर पाय सोडून बसतात. त्याला आळस म्हणू नये. टाकी चालू असते.

याच गावात दुसरा एक पाहुणा आहे : डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं, लांब शेपटीचं, लालसर तोंडाचं माकड. हे दक्षिण भारताचंच रहिवासी. तापी आणि गोदावरी ही ढोबळ सीमा धरली तर उत्तरेला ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेला हे. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. लोक वानर आणि माकड एकाच मापाने मोजतात. दोघांचा संसार अगदी वेगळा आहे. माकडाकडे आंबवणीची टाकी नाही. त्याला पचायला सोपं हवं : पिकलेली फळं, बिया, किडे, कोळी, पक्ष्यांची अंडी. असा माल रानात सगळीकडे पसरलेला नसतो. एक उंबर पिकतो, बाकीचे आठ कोरडे. शिवाय पिकलेल्या झाडावर सगळे एकदम येतात आणि दांडगे पुढे घुसतात.

यावर माकडाचा इलाज गालात आहे. कनिष्ठ दर्जाची एखादी मादी रातांब्यावर येते तेव्हा ती चावत बसत नाही. दोन्ही हातांनी फळं ओढून गालात कोंबते; गळ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन पिशव्या टम्म फुगतात. मोठी मादी नुसती वळून बघायचा अवकाश, ही तिथून पसार. मग गडग्यापलीकडच्या कातळावर निवांत बसून मनगटाच्या मागच्या बाजूने गाल दाबते, एक एक फळ पुढे आणते, चावते, बी थुंकते. लाळेमुळे पिठूळ पदार्थांचं पचन गालातच सुरू होतं, तो वेगळा फायदा.

भांडायला काही असलं की मानपान येतोच. माकडांत आईचा दर्जा मुलीला मिळतो. मोठ्या घरची पोर लहान वयातच वयस्क बायांना उठवते. वानरांच्या माद्यांत उलटं दिसतं. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात माउंट अबूला पाहिलं की तिथे तरण्या माद्या वर असतात आणि वय वाढलं की खाली उतरतात. वानरांची आणखी एक रीत मला फार आवडते. नवजात काळं पिल्लू पहिल्या दिवसापासून टोळीतल्या इतर माद्यांच्या हातांत फिरतं आणि आई तेवढ्यात मोकळ्या हातांनी चरून घेते. दूध पाजणाऱ्या आईची भूक काय असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सोयीची किंमत कळेल. माकडीण आपलं पोर असं सहजी कोणाला देत नाही.

अन्नाचा आणि डोक्याचा संबंध कॅथरीन मिल्टन यांनी पनामाच्या बारो कोलोरॅडो बेटावर दोन माकडांची तुलना करून मांडला. हाउलर माकड पानं बरीच खातं. अन्न त्याच्या पोटातून बाहेर पडायला सुमारे २० तास लागतात. तेवढ्याच वजनाचं स्पायडर माकड पिकलेल्या फळांवर जगतं आणि चारेक तासांत मोकळं होतं. पण त्याचा मेंदू हाउलरच्या दुप्पट आहे. कुठलं झाड कुठे आणि कधी पिकतं हे लक्षात ठेवायला लागतं, असं मिल्टन यांचं म्हणणं. मी ते मान्य करते, पण बेताने. आमची वानरंही कुठल्या घरातलं माणूस नुसतं ओरडतं आणि कुठलं गलोल मारतं हे चोख लक्षात ठेवतात.

आंबा घाटात गाड्या थांबवून लोक माकडांना केळी, वेफर्स, बिस्किटं घालतात. माकडाला ते पचतं, हीच पंचाईत आहे. दिवसभर रान तुडवून मिळायचं ते पाच मिनिटांत मिळालं की टोळी रस्त्यावर ठाण मांडते, पोरं जास्त जगतात, आणि रिकाम्या वेळी खालच्या वाड्यांवर उतरते. वानराला बिस्किट म्हणजे तर टाकीत ओतलेली साखर. पिंजरा लावून पकडायचं आणि दुसऱ्या तालुक्यात सोडायचं, यातून तक्रारीचा पत्ता फक्त बदलतो. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल थोडं आणि खाजगी रान जास्त. ते रान तोडून आम्हीच ऐन, किंजळ, उंबर, कुंभा घालवले आणि डोंगरच्या डोंगर काजू-आंब्याने भरले. बारमाही पालवीची आणि फळांची जागा वर्षातून एकदा फळणाऱ्या दोन झाडांनी घेतली. गावकीच्या बैठकीत मी बांधावरचे उंबर तरी तोडू नका असं म्हटलं, तर एक भावजी म्हणाले, "म्हणजे त्यांच्या जेवणाची सोय आता आमीच करायची?" काही अंशी हो. उंबर वर्षातून अनेकदा फळतो; बाकी रान कोरडं असताना फळणारं झाड उभं असलं तर कलमांवरचा भार थोडा हलका होतो. सगळा नाही. नारळ-काजूची भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळायला हवी, त्याला उंबर हा पर्याय नव्हे.

गडग्यापलीकडच्या त्या कातळाभोवती ओवळीची बरीच रोपं उगवलेली आहेत, जवळपास ओवळीचं झाड नसताना. माकडं गालात भरून आणतात आणि बिया तिथे थुंकतात. वानरांच्या दातांतून कोवळी बी सहसा सुटत नाही. दर पावसाळ्यात मी त्यातली चार रोपं पिशवीत भरून मागेल त्याला देते. शेजारच्या वहिनी यंदा दोन घेऊन गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "फुकट कशाला देताय काकी? पैसे घ्या आणि माकडांची मजुरी भागवा. माझ्या शहाळ्यांचं मात्र त्यातून वळतं करा."