‘शुगर फ्री’ म्हणजे उष्मांकमुक्त नव्हे!

दिवाळीनंतर दवाखान्यात अकोटकडचे एक निवृत्त शिक्षक आले. मधुमेह जुना. वजन तीन किलोने वाढलेले, रक्तातली साखरही चढलेली. म्हणाले, ‘‘डॉक्टर साहेब, दोन महिने झाले, साखरेचा कण तोंडात घातला नाही. मंग हे वाढलं काऊन?’’ मी विचारले, साखरेऐवजी काय घेता? त्यांनी पिशवीतून तीन वस्तू काढल्या : गोडव्याच्या पुड्या, ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटे आणि ‘शुगर फ्री’ काजूकतलीचा डबा. गुरुजी खोटे बोलत नव्हते. वेष्टनावरची मोठी अक्षरे त्यांनी वाचली होती, लहान अक्षरे राहून गेली होती.

आधी हिशेब समजून घेऊ. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर सुमारे 4 उष्मांक (कॅलरी) देते, प्रथिने 4, आणि स्निग्ध पदार्थ 9. म्हणजे साखर काढली तरी तूप, खवा, काजू यांचे उष्मांक जागेवरच राहतात. काजूत तर जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. शिवाय अशा मिठाईत अनेकदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल घालतात. त्यांचेही ग्रॅममागे दोन-अडीच उष्मांक होतात. खजुराची ‘शुगर फ्री’ बर्फी तर नावापुरतीच, कारण खजुरात निम्म्याहून अधिक साखरच असते. गुळाचेही तेच : 100 ग्रॅम गुळात सुमारे 380 उष्मांक, साखरेच्या जवळपास तेवढेच.

आता पुडीकडे वळू. ॲस्पार्टेम साखरेपेक्षा सुमारे 200 पट गोड. चहाच्या चमचाभर म्हणजे 5 ग्रॅम साखरेचे काम त्याच्या 25 मिलिग्रॅममध्ये होते. एवढीशी भुकटी हाताळता येत नाही, म्हणून पुडीत बहुधा ग्लुकोज किंवा लॅक्टोजसारखी भर घालतात. एक ग्रॅमच्या पुडीत त्यामुळे सुमारे 4 उष्मांक येतात. अमेरिकेत एका वाढपात 5 पेक्षा कमी उष्मांक असले तर ‘शून्य’ लिहिण्याची मुभा आहे. आपल्याकडे 2018 च्या नियमांनुसार पेयात 100 मिलिलिटरमागे 4 उष्मांकांपर्यंत ‘उष्मांकमुक्त’ म्हणता येते. चमचाभर साखरेचे 20 उष्मांक धरले तर पुडीचे हे शून्य फारसे घातक नाही. घात होतो तो ‘साखर वाचली’ या समाधानात जास्तीची बिस्किटे खाल्ल्याने. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असा सल्ला दिला. (तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही.)

मोठी फसगत होते ती ‘वाढप’ या शब्दात. समजा, बिस्किटात 100 ग्रॅमला 480 उष्मांक आहेत. वाढप 15 ग्रॅमचे धरले की समोर 72 दिसतात. पण 75 ग्रॅमचा पुडा संपवला की 360 झाले. म्हणजे ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठाच्या भाकरीइतके, आणि तेही जेवणाशिवाय!

फळांच्या रसाचेही असेच. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा साखर न घातलेला ग्लासभर रसही 90 च्या आसपास उष्मांक देतो. त्यापेक्षा संत्रे फोडून खावे, चोथा पोटात जातो. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून 2024 मध्ये उत्पादकांना बजावले.

मग करावे काय? एक, दर 100 ग्रॅमचा आकडा पाहा आणि आपण खरोखर किती खातो त्याने गुणा. दोन, साखरेसोबत स्निग्ध पदार्थांची ओळही वाचा. तीन, घटकांच्या यादीत जे पहिले असते ते सर्वाधिक असते, हे ध्यानात ठेवा. चार, सुट्या ‘शुगर फ्री’ मिठाईत नेमके काय घातले, हे दुकानदाराला विचारा. वेष्टनावरचा मजकूर खोटा वाटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

गुरुजींना मी गोळ्या वाढवून दिल्या नाहीत. डबा आणि पुडा बंद केला, चहा दोन वेळांवर आणला, संध्याकाळचे चालणे सुरू करवले. महिन्याने वजन दीड किलोने उतरले आणि साखरही खाली आली. आपल्या मनाने मात्र कुणी औषध कमी-जास्त करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि दाखवायला जाताना घरातली वेष्टनेही सोबत न्यावीत.