उंची मोठी की चपळाई? बास्केटबॉलच्या मैदानावरून एक धडा

एजवेअर (लंडन) : बास्केटबॉल हा उंच माणसांचा खेळ, ही समजूत जगभर इतकी पक्की आहे की शाळाशाळांतून संघ निवडताना प्रथम मुलांच्या डोक्याकडे पाहिले जाते आणि पायांकडे नंतर. जो वर्गात सर्वांत उंच तो बास्केटखाली उभा राहायचा आणि जो बुटका तो बाहेर बसून टाळ्या वाजवायचा. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांनी गेल्या काही वर्षांत ह्या समजुतीला चांगलाच हादरा दिला आहे. ती हकीकत आपल्या बेटावरील पालकांनी आणि शिक्षकांनी ऐकण्यासारखी आहे.

जुलैच्या सुटीत आम्ही येथे नातेवाइकांकडे उतरलो आहोत. एजवेअर म्हणजे लंडनच्या वायव्य टोकाचे उपनगर. १९२४ साली भुयारी रेल्वे येथवर आली आणि शेतांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आता ह्या बाजूला भारतीय वंशाची कुटुंबे पुष्कळ आहेत. आमचा भाचा तेरा वर्षांचा. उंची कमी म्हणून त्याला शाळेच्या बास्केटबॉल संघातून वगळले. मुलगा रडला नाही; पण त्याने आम्हांला एक प्रश्न विचारला : "मामा, उंचच माणसे जिंकत असतील तर मग २०१५ साली गोल्डन स्टेट कसे जिंकले?" आणि त्याने त्या सामन्यांच्या जुन्या चित्रफिती आमच्यापुढे लावल्या. अमेरिकेतील अंतिम सामने लंडनमध्ये मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सुरू होतात आणि आपल्याकडे पहाटे साडेचारला. त्यामुळे आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिले असतील. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हा खेळ मुळात एका शिक्षकाने शोधून काढला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ शिकवीत होते. हिवाळ्यात मुलांना चार भिंतींच्या आत खेळवायचे कसे, ही त्यांच्यापुढची अडचण. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि वर्गातल्या अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. पुढे प्रत्येक बाजूला पाच गडी ठरले. त्या पाचांची कामेही हळूहळू वाटली गेली : दोघे चेंडू पुढे नेणारे, दोघे बाजूंचे आणि एक उंचापुरा मध्यभागी, बास्केटजवळ. ह्या मधल्या गड्याला 'सेंटर' म्हणतात. सात फुटांचा सेंटर ज्याच्याकडे, त्याचा संघ भारी, असा हिशेब कित्येक वर्षे चालला.

हा हिशेब बदलला दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट गणिताची. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत १९७९-८० च्या हंगामापासून लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. समजा, जवळून टाकलेल्या शंभर चेंडूंपैकी पन्नास आत गेले, तर शंभर गुण झाले. लांबून शंभर टाकले आणि त्यांतले केवळ छत्तीस आत गेले, तरी गुण झाले एकशे आठ. चौथीतल्या मुलालाही पटेल असा हा हिशेब संघांच्या पूर्णपणे ध्यानात यायला मात्र बरीच वर्षे लागली. ध्यानात आल्यावर लांबून नेम साधणाऱ्या गड्यांची किंमत वाढली.

दुसरी गोष्ट बचावाची, आणि खरी मेख तेथेच आहे. चढाई करणारे एक युक्ती सतत वापरतात. ज्याच्याकडे चेंडू आहे, त्याच्या पाठलाग्याच्या वाटेत दुसरा गडी आडोसा होऊन उभा राहतो. पाठलागी क्षणभर अडतो आणि चेंडूवाला निसटतो. ह्यावर सोपा उपाय म्हणजे बचाव करणाऱ्या दोघांनी जागच्या जागी आपापले प्रतिस्पर्धी बदलून घ्यायचे. पण समजा, त्या दोघांत एक सात फुटी धिप्पाड आणि दुसरा सहा फुटी चपळ असला तर? अदलाबदलीनंतर धिप्पाड गडी मोकळ्या मैदानात वाऱ्यासारख्या पळणाऱ्याच्या मागे लागतो आणि चपळ गडी बास्केटखाली पहाडाशी झुंजतो. दोन्हीकडे हार. मात्र पाचही गडी साधारण एका उंचीचे, पायांनी जलद आणि अंगाने बळकट असतील, तर कोणीही कोणालाही धरू शकतो. मग आडोशाचा उपयोगच उरत नाही.

कबड्डीवरून हे लवकर समजेल. चढाई करणारा आत आला की कोपऱ्यातला गडी पाय धरणार, मधला धक्का देणार, अशी कामे ठरलेली असतात. पण तीनच गडी उरले की कोपरा आणि मध्य हा भेद संपतो. जो जवळ आहे त्याने पकड करायची. म्हणूनच तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर जादा गुण देतात. बास्केटबॉलचा हा नवा डाव म्हणजे पाचही जणांनी सतत त्या तयारीने खेळणे होय.

आता २०१५ च्या जून महिन्याकडे वळू. अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटचा संघ क्लीव्हलंडच्या मागे २-१ असा पडला होता. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांचा एक तरुण सहाय्यक होता, निक युरेन. त्याने आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेच्या चित्रफिती रात्री बसून पाहिल्या आणि सुचवले की सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवावे आणि आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवावे. इग्वोडालाने त्या हंगामात एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. सेंटरची जागा घ्यायची ड्रेमंड ग्रीनने, ज्याची उंची जेमतेम साडेसहा फूट! थोरांनी धाकट्याचे ऐकले, हे आम्हांला विशेष वाटते.

११ जूनला हा संघ उतरला. क्लीव्हलंडचा सात फूट एक इंची मोझगॉव्ह बास्केटखाली मोकाट सुटला आणि त्याने २८ गुण केले. पाहणाऱ्याला वाटावे, डाव फसला! पण सामन्याचा निकाल लागला १०३-८२, गोल्डन स्टेटच्या बाजूने. एक गडी भरपूर गुण करीत होता. पण त्याच्या संघाला दुसऱ्या टोकाला त्या धावपळीबरोबर राहणे जमत नव्हते. पुढच्या सामन्यात क्लीव्हलंडने त्याच मोझगॉव्हला अवघी नऊ मिनिटे खेळवले. १६ जूनला गोल्डन स्टेटने मालिका ४-२ अशी जिंकली आणि मालिकेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला इग्वोडाला.

त्यानंतर नऊच दिवसांनी, २५ जूनला, पंजाबातील बल्लो के गावच्या सतनाम सिंगची डॅलस संघाने निवड केली. अमेरिकेच्या त्या निवडीत नाव पुकारला गेलेला तो पहिला भारतीय. उंची सात फूट दोन इंच. चौदाव्या वर्षी घर सोडून तो शिकायला फ्लोरिडाला गेला होता. साऱ्या भारताला अभिमान वाटला. पण मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही; पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. असे होण्याला एकच कारण नसते. तरीही मनात येते की ज्या उंचीच्या बळावर त्या मुलाने इतका प्रवास केला, तिचा एकटीचा भाव नेमका त्याच वेळी उतरत होता.

परंतु वाचकहो, बुटकेपणातच विजय आहे असा अर्थ कोणी काढू नये. २०२० च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या संघाने आपला उंच सेंटर कॅपेला देऊन टाकला आणि साडेसहा फुटांहूनही थोडा कमी असलेल्या टकरला त्या जागी उभे केले. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसने त्यांना ४-१ असे हरवले. कसे? लॉस एंजेलिसनेही आपले अवजड गडी बसवले आणि मध्ये घेतला अँथनी डेव्हिस. तो सहा फूट दहा इंच, पण लहान गड्यासारखा हलणारा! फ्रान्सचा वेंबान्यामा तर सात फूट चार इंचांचा असून लांबून नेम साधतो आणि मोकळ्यात चेंडूही खेळवतो. म्हणजे उंची पुन्हा आली. फक्त जागेवर उभी राहणारी उंची आता पुरत नाही. बुटक्याला बळ हवे, उंचाला चपळाई हवी आणि दोघांनाही एकमेकांचे काम यायला हवे.

मुंबईच्या नागपाडा भागाचे नाव येथे घेतले पाहिजे. दाटीवाटीची वस्ती, साधी माणसे. पण बास्केटबॉलचे वेड मोठे. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर तेथलेच. चेंडू हातात खेळवण्याचे त्यांचे कसब आजही तेथे सांगितले जाते. कसब वाढवता येते. उंची जन्माबरोबर येते.

शिक्षक म्हणून आम्हांला ह्यात जिव्हाळ्याची गोष्ट दिसते ती अशी. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाची उंची पाहून त्याची जागा कायमची ठरवणे दोन्ही मुलांवर अन्याय करते. बुटक्याला खेळच मिळत नाही आणि उंचाला बास्केटखाली उभे करून ठेवल्यामुळे तो धावायला, चेंडू खेळवायला शिकत नाही. शिवाय मुले एका वयात वाढत नाहीत. आजचा सर्वांत उंच मुलगा चार वर्षांनी मधला ठरतो आणि तेव्हा त्याच्या हाती काहीच कौशल्य नसते.

म्हणून आपल्या शाळांतून आणि मंडळींच्या क्रीडादिनी एक साधा नियम करून पाहावा. सरावाच्या सामन्यात दर पाच मिनिटांनी जागा बदलाव्यात. प्रत्येक मुलाने प्रत्येक जागी खेळावे आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एकदा तरी धरावे. मुलींनाही हेच लागू. ह्याला ना पैसे लागतात ना नवे मैदान. आमचा भाचा येथे घरामागे थोरल्या, उंच बहिणीला अडवण्याचा सराव रोज संध्याकाळी करतो. दहापैकी सात वेळा ती त्याला चुकवून जाते. गेल्या आठवड्यात ती नऊ वेळा जात होती.