चौकटीच्या वरच्या अंगाला

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यात एका कुटुंबातली माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी आहेत आणि त्यांच्या चारी बाजूंनी पांढरा लोंढा धावतो आहे. काठावरून कुणीतरी मोबाइलवर टिपलेला तो व्हिडिओ पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रभर फिरत होता. एक स्त्री आणि चार मुलं त्या दिवशी गेली. पाहणारे म्हणत होते, ही माणसं तिथे गेलीच कशाला? मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. ती पाण्यात उतरली तेव्हा पाणी असं नव्हतंच. ते एकाएकी वाढलं. विचारायचं असेल तर हे विचारावं, की एवढं पाणी आलं कुठून आणि इतक्या झटपट कसं?

त्याचं उत्तर शोधत गेलं की सह्याद्री हा किती अद्भुत डोंगर आहे हे कळतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यातलं किती थोडं येतं हेही.

सुरुवात दगडापासून करावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला; एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. तो थिजून झालेला काळा कातळ म्हणजे आपला बेसाल्ट. घाटमाथ्यावर या कातळावर मातीचं पांघरूण पातळ आहे. जूनच्या पहिल्या पावसात ती माती पोटभर पाणी पिते. त्यानंतर पडणारा पाऊस मुरायला जागाच उरत नाही, तो सरळ वाहायला लागतो. एक चौरस किलोमीटरच्या उघड्या पठारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं ५ कोटी लिटर, म्हणजे ५० हजार टन. त्यातलं बहुतेक सगळं एखाद्या अरुंद नाळेतून खाली यायचं असेल, तर दर सेकंदाला साधारण चौदा टन पाणी त्या नाळेतून उतरेल. आणि हा फक्त पन्नास मिलिमीटरचा हिशेब झाला. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या निम्म्याहून कितीतरी जास्त.

हे पाणी चालत येतं, आणि यायला त्याला वेळ लागतो. उतारावरचा लोंढा सेकंदाला तीन मीटर धावला, तर दोन किलोमीटर वर कोसळलेली सर धबधब्यापाशी पोचायला अकरा मिनिटं लागतात. तेवढी अकरा मिनिटं धबधब्याखालच्या माणसाच्या डोक्यावर पाऊस थांबलेला असू शकतो, कदाचित ऊनही पडलेलं असतं. हवा छान असते, फोटोला उजेड छान असतो. येणारं सगळं वरच्या अंगाला, डोंगराच्या आड असतं. घाटातली माणसं म्हणूनच पाण्याकडे बघण्याआधी वर बघतात. माथा काळवंडलाय का? नितळ पाण्याला मातकट रंग चढलाय का? पालापाचोळा, काटक्या वाहत यायला लागल्यात का? पाण्याचा आवाज भरलाय का, त्यात दगड घरंगळल्याची गडगड मिसळली आहे का? यातली एक जरी खूण दिसली तरी ती माणसं सामान गोळा करत बसत नाहीत, आधी काठ गाठतात.

आता पाण्याच्या जोराकडे येऊ. मला या विषयातली सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन पायांवर पडणारा रेटा ढोबळमानाने काढून पाहिला. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी साधारण पाच किलो वजनाइतकं ढकलतं. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. तिथे हा रेटा वीस किलोंवर जातो. चार मीटरला ऐंशी किलो. पाणी गुडघ्याइतकंच आहे हं, वाढला आहे तो नुसता वेग. दुसऱ्या बाजूला पायाची पकड पाहा. साठ किलोंचा माणूस शेवाळलेल्या ओल्या कातळावर उभा असेल, तर त्याचे पाय बारा किलोंच्या आसपासचा रेटा सोसतील, फार तर थोडा जास्त. म्हणजे पाणी कमरेला लागायच्या कितीतरी आधी, गुडघ्यातच, निकाल लागलेला असतो. एकमेकांचे हात धरून साखळी केली तरी प्रत्येकाच्या तळव्याखाली तेच शेवाळ असतं.

त्या कातळाचाही स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. लाव्ह्याचे सगळे थर सारख्या ताकदीचे नसतात. काही घट्ट, काही बुडबुड्यांच्या भोकांनी सच्छिद्र, आणि मध्येच तांबड्या, मातीसारख्या मऊ दगडाची पट्टी. पाणी मऊ थर आधी कुरतडतं. वरचा घट्ट थर मग छज्ज्यासारखा पुढे लोंबत राहतो. धबधब्याच्या माथ्यावर फोटोसाठी हवीशी वाटणारी ती सपाट फळी पुष्कळदा अशा पोकळीवरच आलेली असते, आणि वर उभ्या माणसाला खालची पोकळी दिसण्याचा काही मार्गच नसतो. ओढ्याच्या तळाशी आणखी एक नवल असतं. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी फिरत राहतात आणि हजारो वर्षांत कातळात गोल विहिरी कोरतात. त्यांना आपण रांजणखळगे म्हणतो. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात ते उन्हाळ्यात नीट पाहता येतात, आणि प्रत्येकाने एकदा तरी पाहावेत. पावसाळ्यात असेच खळगे इतर ओढ्यानद्यांतही फेसाळ पाण्याखाली दडलेले असतात. घोट्याएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याचं पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकतं.

धबधब्याखालचा डोह तर याहून विलक्षण. पोहता येणारेही तिथे का बुडतात? माणसाचं शरीर आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी आहे, म्हणून आपण जेमतेम तरंगतो. पण धबधबा पडतो तिथे पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात. शंभरात दहा भाग हवा मिसळली, की ते पाणी शुद्ध पाण्यापेक्षा दहा टक्के हलकं होतं, आणि त्यावर माणूस तरंगत नाही. हात मारले तरी पकडायला पुरेसं पाणी नसतं. त्यात वरून कोसळणारी धार तळाशी जाऊन पुन्हा वर उसळते आणि पृष्ठभागावरून माणसाला परत धबधब्याकडेच ओढत नेते. धारेबरोबर दगड येतात तो धोका वेगळाच. साठ मीटरवरून सुटलेला मुठीएवढा दगड खाली पोचेपर्यंत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. आणि एरवी ज्याच्या खडखडाटाने आपण मान वर केली असती, तो आवाज धबधब्याच्या गर्जनेत बुडून जातो.

हे झालं डोंगराबद्दल. तितकंच नवल आपल्या शरीरात आहे. स्टेशनात उभ्या गाडीत बसलेलो असताना शेजारची गाडी हलली, की आपलीच गाडी निघाली असं क्षणभर वाटतं. डोळ्यांसमोरचं मोठं दृश्य सरकलं, की मेंदू ‘मीच सरकतोय’ असा निष्कर्ष काढतो आणि तोल सावरायला शरीराला कलवतो. वाहत्या पाण्याकडे एकटक पाहत ओढा ओलांडणारा माणूस असाच नकळत कलतो. उंच कड्यावर याच्या उलट घडतं. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर सतत बारीक डुलत असतं, आणि जवळच्या वस्तू किती सरकल्या यावरून डोळे ते डुलणं सावरत असतात. कड्याच्या टोकाला जवळ काहीच नसतं. समोरची दरी इतकी दूर, की डुलण्याने ती सरकल्यासारखी दिसतच नाही. डोळ्यांकडून मिळणारी खबर थांबते आणि डुलणं वाढतं. अशा वेळी हातातल्या पडद्याकडे पाहिलं, तर तो पडदा आपल्याबरोबरच डुलतो. डोळ्यांना जो एक स्थिर आधार हवा असतो, तोही मग उरत नाही. त्यात चौकटीत मावण्यासाठी एक पाऊल मागे! मागे तर माणसाला डोळेच नाहीत.

मोबाइलचा कॅमेरा फार गुणी यंत्र आहे, पण डोंगरात नेमकी जी माहिती जीव वाचवते तीच तो गाळतो. रुंद भिंग जवळचा चेहरा मोठा करतं आणि पाठीमागचं पाणी दूर ढकलून लहान करतं. क्षितिज चौकटीबाहेर राहिलं की उतार किती आहे हे फोटोवरून सांगता येत नाही. वरचं अंग चौकटीत क्वचितच येतं. कोणत्या महिन्यात, पाऊस पडून किती वेळाने चित्रण केलं, हे रील सांगत नाही. आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की पाण्याचा मूळ आवाज काढून त्यावर गाणं चढवलं जातं. ज्या आवाजावरून गावकरी पाणी ओळखतात, तोच पुसला जातो. ते रील पाहून पुढच्या रविवारी तिथे पोचणाऱ्या मुलाकडे वाटेचा पत्ता असतो, बाकी काही नसतं. शिवाय त्याने पाहिलेल्या रीलमधला जवळजवळ प्रत्येक माणूस सुखरूप परतलेला असतो. न परतलेल्याच्या फोनमधलं चित्रण कोण टाकणार?

परत न येणाऱ्यांची मोजदाद झाली आहे. २०१८ साली भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या तपासून सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू नोंदवले गेले. बुडणं हे सर्वांत मोठं कारण निघालं, आणि देशांत पहिला क्रमांक भारताचा. बातमीत आले तेवढेच मोजता आले, हेही लक्षात घ्यायला हवं. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करायला गेलेली एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल दरीत पडली. तिला वर काढायला बचाव पथकांना कित्येक तास लागले, आणि ती वाचली नाही. पावसात, धुक्यात, निसरड्या कड्यावरून दोर सोडून स्ट्रेचर वर ओढणारी ही माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात. लोणावळ्याचं ‘शिवदुर्ग मित्र’ असो की ठिकठिकाणच्या गिर्यारोहकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, यांतले लोक आपापल्या नोकऱ्या-धंदे बाजूला ठेवून जातात. प्रत्येक हाकेला तेही त्याच शेवाळावर पाय ठेवत असतात. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे.

भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाईचे आदेश काढले. धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढण्यालाही त्यात बंदी होती. मुंबईत बँडस्टँडला जानेवारी २०१६ मध्ये सेल्फी काढताना समुद्रात पडलेली तरुणी आणि तिला वाचवायला उडी मारणारा माणूस, दोघंही गेले. त्यानंतर पोलिसांनी शहरात ‘नो सेल्फी’ जागा ठरवल्या. बंदीचा फलक लावण्यात गैर काही नाही. पण एवढ्या लांबरुंद सह्याद्रीला फलक पुरायचे नाहीत, आणि अख्खा डोंगर बंद केला तर लोक आडवाटेने, वाटाड्याशिवाय जातात. माझा विश्वास माणसांवर जास्त आहे. ओढ्याच्या वरच्या वळणावर शिट्टी घेऊन बसलेला गावातला एक पोरगा, ज्याला माथ्यावरचा पाऊस दिसतो आणि गढूळ पाणी आधी दिसतं, तो खालच्यांना ती अकरा मिनिटं मिळवून देऊ शकतो. शनिवार-रविवारी त्याला रोजंदारी देणं ग्रामपंचायतीला किंवा वनखात्याला परवडणार नाही असं मुळीच नाही. देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी स्थानिक वाटाडे बरोबर घेण्याची पद्धत आहेच. प्रवेशाची पावती फाडण्यापुरतं त्यांचं काम न ठेवता ‘आता बाहेर निघा’ असं सांगण्याचा अधिकार त्यांना दिला पाहिजे, आणि त्यांनी सांगितलं की आपण वाद न घालता निघालं पाहिजे.

राहिला प्रश्न फोटोचा. फोटो काढूच नका असं मी म्हणणार नाही. एवढं देखणं काही समोर असताना ते टिपावंसं वाटणं साहजिक आहे. पण धबधब्याचा चांगला फोटो धबधब्यात उभं राहून निघत नाही, हे निसर्गाची छायाचित्रं काढणारा कुणीही सांगेल. तिथे भिंगावर तुषार, समोर पांढरा धूर आणि खालून वर पाहिल्यामुळे खुजा झालेला कडा. पाण्याच्या वाटेपासून दूर, समोरच्या सोंडेवर किंवा दरीपलीकडच्या पठारावर कडेपासून चांगलं आत उभं राहिलं, की धबधब्याबरोबर त्याच्या माथ्यावरचं सगळं पठार चौकटीत येतं. धुकं फाटायची वाट बघावी लागते. मग एकाच फोटोत कातळाचे थर एकावर एक मोजता येतात, मऊ थरात पाण्याने कोरलेल्या खाचा दिसतात, आणि त्यांच्यावर, पाणी जिथून निघालं तो काळा ढगही दिसतो.