वीस डॉलरची गोष्ट आणि आपलं सॅम्पल

बेघरांसाठी सोशल मीडियावरून पैसे कसे जमतात, यावर संशोधन करायचं म्हटलं की आपण व्हायरल झालेल्या मोहिमांपासून सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या आराखड्यात सगळ्या यशस्वी मोहिमा होत्या. गाईडनी वाचून एवढंच विचारलं, "ज्यांना काहीच मिळालं नाही, ते कुठे आहेत?" आराखडा परत.

एक उदाहरण बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याने गोफंडमीवर मोहीम सुरू केली. फिलाडेल्फियात गाडीतलं पेट्रोल संपलं आणि रस्त्यावर राहणाऱ्या एका माजी सैनिकाने खिशातले शेवटचे २० डॉलर खर्चून ते आणून दिलं, अशी गोष्ट. मागितले १० हजार डॉलर, जमले ४ लाखांहून जास्त. देणारे सुमारे १४ हजार. मग पैशांवरून वाद झाला, २०१८ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, आणि तपासात कळलं की गोष्टच रचलेली होती. तो सैनिकही त्यात सामील होता. गोफंडमीने देणगीदारांचे पैसे परत केले.

बातम्या फसवणुकीपाशी थांबल्या. पण तो माणूस खरोखरच बेघर होता! मग नुसतं "हा माणूस बेघर आहे" एवढं सांगून १४ हजार लोकांनी पैसे दिले असते का?

इथे स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा २००७ चा प्रयोग उपयोगी पडतो. सहभागींना एक प्रश्नावली भरल्याबद्दल ५ डॉलर मिळाले होते. त्यातून दान करायची संधी दिली. काहींना एका भुकेल्या मुलीचा फोटो आणि माहिती दाखवली, काहींना उपासमारीची आकडेवारी, काहींना दोन्ही. सरासरी दान अनुक्रमे २.३८, १.१४ आणि १.४३ डॉलर. तिसरा आकडा पुन्हा वाचा. चेहऱ्याला आकडेवारी जोडली तर दान वाढायला हवं ना? ते घटलं.

म्हणजे रात्रनिवाऱ्याचं वीजबिल भरायला पैसे मागणारी पोस्ट मागे पडणार, हे उघड आहे. पण चेहराही कुठलाही चालत नाही. वरच्या गोष्टीतला माणूस सैनिक होता, उदार होता. दारूच्या आहारी गेलेल्या, स्वतःशीच बडबडणाऱ्या माणसाची अशी गोष्ट कोण लिहिणार?

आता सॅम्पलकडे या. मोहीम उघडायला फोन लागतो, बँक खातं लागतं, ओळखपत्र लागतं. म्हणून बहुतेकदा ती दुसराच कुणीतरी उघडतो, आणि पैसेही आधी त्याच्याच हातात जातात. प्लॅटफॉर्मवरून डेटा उचलला की तुम्हाला बेघर माणसं सापडत नाहीत. ज्यांना लिहिणारा भेटला, तेवढीच सापडतात. शिवाय पानावर दिसते ती जमलेली रक्कम. पोहोचलेली रक्कम वेगळी मोजावी लागते, आणि ते काम किचकट आहे.

संमतीचंही तसंच. पोस्ट सार्वजनिक आहे म्हणून फोटोतल्या माणसाने तुमच्या अभ्यासाला होकार दिलाय, असं नाही.

माझा नवा आराखडा रात्रनिवाऱ्यापासून सुरू होतो. तिथे राहणाऱ्यांना विचारायचं: तुमच्या नावाने कधी कुणी ऑनलाइन पैसे मागितले का, तुम्हाला विचारून मागितले का, हातात किती आले? सॅम्पल लहान राहणार आहे. गाईडनी या वेळी मार्जिनमध्ये फक्त "किती लहान?" असं लिहिलंय.